वारा शिकवणारी

ठमामावशी,

जासईच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझाच आहे, पण मागचा गुलाबी पडदा आणि तळ्यातले दोन हंस कुठून आणले कुणास ठाऊक. खाली लिहिलंय, 'रोपवाटिका क्षेत्रातील अग्रगण्य व्यक्तिमत्त्व'. तुला वाचता यायचं नाही. म्हणजे तू मला वाचायला लावलं असतंस, आणि माझं वाचून झाल्यावर अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं असतंस, "ही कोन गो बाय? आपल्या गावातली हाय?"

तुला जाऊन बावीस दिवस झाले. तुझ्या दहाव्याला लोक पुष्कळ बोलले. तुझं माहेर, सासर, गेलेली जमीन, उरलेली जमीन, सगळं बोलून झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आणि ती मी आता तुझ्या माघारी दुसऱ्यांना सांगून बसलेय. त्याचं काय झालं ते तुला कळायला हवं. पण आधी थोडं मागचं बोलू. तुझ्याकडे आल्यावर चहाच्या आधी कामाचं बोललेलं तुला चालायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या हातात थर्माकोलचा खोका होता आणि खोक्यात अनंताच्या इवल्या रोपांच्या बाटल्या. महापेच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही एका चांगल्या झुडपाच्या शेंड्याचा तुकडा घ्यायचो, काचेच्या बाटलीत साखर घातलेल्या जेलीवर वाढवायचो आणि एकाची शेकडो रोपं करायचो. बाटलीत ती मजेत असत. बाहेर काढली की मरत. त्यांच्या पानांना बाहेरच्या हवेत पाणी धरून ठेवता येत नाही, मुळं नावालाच असतात. त्यांना हळूहळू बाहेरची सवय लावायची, हे आमचं अर्धं काम. ते आम्हाला जमत नव्हतं. तुझी जास्वंद-कण्हेरीची नर्सरी कुणीतरी आमच्या साहेबांना सुचवली. एका बाजूला कंटेनरचं यार्ड, दुसऱ्या बाजूला डोंगराची उतरण आणि मध्ये तुझा तुकडा.

मी छापील कागद काढला आणि तुला, तुझ्या सुनेला, प्रमिलाला, आणि कामाला येणाऱ्या तिघींना पद्धत समजावायला लागले. रोप बाटलीतून चिमट्याने काढायचं, कोमट पाण्यात जेली धुवायची, जराशी राहिली तरी बुरशी येते, आणि मूळ तुटता कामा नये. मग मी करून दाखवलं. पाचांतल्या तीन रोपांची मुळं तुटली.

तू चिमटा बाजूला ठेवलास. "सर गो. तू कवा करंदी सोलली नाय वाटतं."

आणि तू बसलीस. दोन बोटांनी रोप धरून, पाण्यात हलकेच हलवत, अंगठ्याच्या नखाने जेली अशी काढलीस की ती जशी काही कधी चिकटलीच नव्हती. मी परभणीकडची, बेलापूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. करंदी, ती बारीक कोळंबी, मी फक्त बाजारात पाहिली होती. त्या दुपारी सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि तुझ्या हातून एक मूळ तुटलं नाही. मी माझ्या एम.एस्सी.सकट उकिडवी बसून बघत राहिले. तू मला 'म्याडम' म्हणत होतीस. संध्याकाळी निघताना मला 'बाय' म्हणून हाक मारलीस. ती पदवी मला पहिलीपेक्षा मोठी वाटली.

तुला आठवतं, तू हट्ट धरला होतास की ही पोरं जिथून येतात ती जागा बघायची? मी तुला महापेला घेऊन गेले. तुला टोपी घातली, पांढरा कोट घातला, चपला बाहेर काढायला लावल्या. लुगड्यावर कोट घालून तू आरशात पाहिलंस आणि एवढी हसलीस की आतल्या मुली काम सोडून आल्या. मग मी तुला वाढीच्या खोलीत नेलं. फळ्या, फळ्यांवर बाटल्या, वर नळ्यांचा पांढरा उजेड. तू हात मागे बांधून एकेका फळीपुढून गेलीस. देवळात माणसं अशी चालतात.

"यांना रात होते का?" तू विचारलंस.

"होते. सोळा तास दिवे चालू, आठ तास बंद."

"मंग वारा?"

"वारा नाही. हवा गाळून येते."

मग म्हणालीस, "मंग यांना वारा शिकवाया लागल. बिचाऱ्यांनी पायलाच नाय."

परत जाताना गाडीत मी तुला पानांची रंध्रं, मेणाचा थर, असलं बरंच सांगितलं. तू ऐकलंस. मला आता वाटतं, तुला जे कळायचं होतं ते तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं.

कारण त्यानंतर तू माझा कागद बाजूला ठेवलास. माझ्या कागदात होतं: बांबूच्या कमानींवर प्लास्टिक टाकून आत रोपं ठेवायची, दहाव्या दिवसापासून सकाळी दहा वाजता प्लास्टिक थोडं थोडं उघडायचं. तू संध्याकाळी उघडायचीस, ऊन डोंगराआड गेल्यावर, खाडीचा ओला वारा सुटला की. तोही आधी चार बोटंच. आणि दिवस मोजायची नाहीस. मी विचारलं, मग कळतं कसं? तू एका रोपाची खालची पानं मला दाखवलीस, हिरवीगार, छान. "ही बाटलीतली. ही मोजू नको. ही फसवतात." मग शेंड्यातलं तांदळाएवढं नवं पान दाखवलंस. "हे हितं आलं. हितं आलेलं पान मोज. अशी दोन आली का झार घरचं झालं."

झाडाला तू 'झार' म्हणायचीस. आता मीही कधी कधी म्हणते. लॅबमधल्या मुली हसतात.

आपण किती भांडलो, मावशी! मला फॉगर बसवायचे होते, आपोआप धुकं सोडणारे. तू म्हणालीस, त्या मशीनला यार्डातली धूळ कळते का? मी म्हटलं, कळत नाही पण ती थकत नाही. तू म्हणालीस, "मी थकले का?" मग भाताच्या तुसाचं. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, भाजलेलं तूस घालायचं तुझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, रीतसर चाचणी घेतल्याशिवाय नाही. तू एका ट्रेमध्ये गुपचूप घातलंस, कोपऱ्याला लाल दोरा बांधलास, आणि महिन्याने तो ट्रे माझ्यासमोर आणून ठेवलास. रोपं बोटभर उंच होती. मी म्हटलं, एका ट्रेवरून काही ठरत नाही. तू म्हणालीस, "तुज्या कागदावरून ठरतं." चार दिवस आपण एकमेकींशी कामापुरतं बोललो. तो वाद अजून तसाच आहे. रीतसर चाचणी मी अजून घेतलेली नाही.

आणि चौदा एप्रिलला तू आमच्या घरी आलीस ते. आईने तुझ्यासाठी पुरणपोळी केली होती, पण तुझं लक्ष भाकरीकडे. ज्वारीची भाकरी तू हातात घेऊन उलटसुलट पाहिलीस आणि आईला म्हणालीस, "ही दाताला काम लावनार." आई म्हणाली, "तुमची तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं जेवण." मी घाबरले. तुम्ही दोघी पाच मिनिटांत पदर तोंडाला लावून हसत होतात. जाताना तू आईला अनंताचं एक फूल दिलंस, पदराच्या गाठीत बांधून आणलेलं, अर्धं पिवळं पडलेलं. "तुज्या पोरीनं बाटलीत केलेलं झार हाय. मी फक्त हात लावला." आईने ते वाटीतल्या पाण्यात तरंगत ठेवलं. तिसऱ्या दिवशीसुद्धा घर घमघमत होतं.

आता ते सांगते.

आपल्या कामाचं तिसरं वर्ष होतं. पनवेलकडच्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या बागेसाठी अनंताची मोठी ऑर्डर आली होती. साहेब रोज तारीख विचारत होते. फेब्रुवारी होता. तुझ्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून तू, प्रमिला आणि तिघीजणी दोन दिवस गेला होतात. जाताना तू मला बजावलंस, "पानी मारून ठेवलंय. तू फक्त बघून ये. हात लावू नको."

मी सकाळी आले. रोपं छान दिसत होती. हिरवीगार, ताठ. बाराव्या दिवसाची. मला वाटलं, ही तयार आहेत, मावशी उगीच वेळ घालवते. आज उघडली तर आठवडा वाचेल. नवी पानं आली आहेत का, हे मी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर उघडता आलं नसतं, म्हणून पाहिलं नाही. मी सगळ्या कमानींवरचं प्लास्टिक एकदम काढलं.

अकराच्या सुमाराला डोंगराकडून कोरडा, गरम वारा सुटला. एकपर्यंत रोपांनी माना टाकल्या. दोन वाजता मी तुला फोन केला.

तू पंगतीतून उठून रिक्षाने आलीस. अंगावर लग्नाचं लुगडं, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं, गालाला लागलेली हळद. काही विचारलं नाहीस. चिखलात गुडघे टेकलेस आणि म्हणालीस, "गोनपाट भिजव." मी गोणपाटं भिजवली, तू प्लास्टिक ओढलंस, वर गोणपाटं टाकलीस, फवारणीच्या हातपंपाने आत बारीक पाणी मारत राहिलीस. अंधार पडेपर्यंत आपण दोघी तेच करत होतो. तुझ्या लुगड्याचा काठ मातीने काळा झाला होता. चारातलं एक रोप वाचलं असेल.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साहेबांनी मला बोलावलं. ते चिडले नव्हते, त्यांना फक्त कारण हवं होतं. त्यांनीच विचारलं, "खाडीजवळ आहे ना ती जागा? पाणी खारट असेल तिथलं."

मी म्हणाले, "असू शकतं, सर."

एवढंच, मावशी. तीन शब्द. खाऱ्या पाण्याने पानांची टोकं हळूहळू करपतात, एका दुपारीत माना पडत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तुझी विहीर डोंगराच्या पायथ्याची आहे, हेही ठाऊक होतं. ऑफिसातून तुला फोन गेला की पाण्याच्या तक्रारीमुळे काम थांबवतोय. रोपं दुसऱ्या एका पॉलिहाउसला जायला लागली. वर्षभर मी जासईच्या रस्त्याला फिरकले नाही.

त्या पॉलिहाउसलाही जमलं नाही. वर्षाने साहेब म्हणाले, "त्या बाईंना परत विचारून बघा." मला पाठवलं. मी वाटेत दहा वाक्यं तयार केली होती. तू ओटीवर बसून कण्हेरीच्या काड्या छाटत होतीस. मला पाहिलंस, आत गेलीस, विहिरीचं पाणी पेल्यात आणलंस आणि माझ्या हातात दिलंस.

"पी," म्हणालीस. "गोड हाय."

मी प्यायले. सगळा पेला प्यायले. गोडच होतं. माझी दहा वाक्यं त्या पाण्याबरोबर पोटात गेली. तू पेला परत घेतलास आणि विचारलंस, "कवा आनतेस झारं?"

त्यानंतरची पाच वर्षं आपण किती हसलो, किती भांडलो, किती हजार रोपं तुझ्या हातून वाऱ्यात उभी राहिली. त्या दिवसाचा विषय तू कधी काढला नाहीस. मी रोज उद्यावर ढकलला. इतकी वर्षं झाली, आता कशाला, असं मी स्वतःला सांगायचे. तुला सोयीचं म्हणून नव्हे, मला सोयीचं म्हणून.

शेवटची भेटलीस तेव्हा तू खाटेवर होतीस. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी तुझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मावशी, मला तुला एक सांगायचंय." तू डोळे उघडलेस. "बाटल्यांची झाकनं सैल केली का?" मी म्हटलं, केली, परवापासून; बाहेरची हवा लागतेय त्यांना. "मंग ठीक." तेवढ्यात प्रमिला पेज घेऊन आली. ती तुला भरवायला बसली, मी उठून तिला जागा दिली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी तू गेलीस.

तुझे दिवस झाले आणि प्रमिलाने नर्सरी पुन्हा सुरू केली. यार्डवाल्यांना जागा भाड्याने हवी आहे, नरेशचंही, तुझ्या मुलाचं, मन तिकडे आहे. पण प्रमिला म्हणाली, यंदाची रोपं तरी लागू देत. मागच्या सोमवारी मी बाटल्या घेऊन गेले. त्या चौघी पाण्याच्या घमेल्याभोवती बसल्या होत्या. मी जेली धुवायला बसले, आणि धुता धुता सांगून टाकलं. प्लास्टिक मी काढलं होतं. कुणालाही न विचारता. आणि पाण्याचं मी खोटं बोलले.

मग प्रमिलाने विचारलं, "आईंना विचारून नाय काढलं?"

"नाही. हात लावू नको म्हणाली होती ती."

प्रमिलाने हातातलं रोप ट्रेमध्ये नीट लावलं, माती दाबली आणि मगच वर पाहिलं. "आई आमाला सांगत होत्या, मीच फोनवर उघडायला सांगितलं. माजीच चूक झाली, पाण्याचं नुसतं निमित्त. सहा वर्षं हेच सांगत होत्या."

मी हातातलं रोप परत घमेल्यात ठेवलं.

"त्या वर्षी मी यार्डाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली, म्याडम. या तिघी पण कुठं कुठं गेल्या. आमी सगळ्या आईंना बोललो. तुमच्या हट्टापायी काम गेलं, म्हातारपणी डोकं चालत नाय, असलं काय काय. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाय. त्यांनी एकदा पण तुमचं नाव घेतलं नाय."

मी रडायला लागले. प्रमिला रडली नाही.

"आईंनी तुमाला माफ केलं असंल," ती म्हणाली. "ते त्यांचं. माजं मला बघू द्या." मग घमेल्याकडे बघून म्हणाली, "पाणी गार झालं. कोमट आणा."

मी उठून कोमट पाणी आणलं.

मावशी, हे तू का केलंस? मी हजारदा विचार केला. मला वाचवायला की काम परत यावं म्हणून, की चार बायकांच्या समोर माझी पत राहावी म्हणून? तू असतीस तर यावरही आपण भांडलो असतो. मी म्हणाले असते, मला न विचारता तू माझी चूक स्वतःवर घ्यायचीच नव्हतीस. त्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक नाही, आणि हेच मला सलतंय. तुझी सगळी उत्तरं मला ठरवता येतात. हे एक येत नाही.

परवा मी साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आता त्याचं काय, जाऊ दे." मी म्हटलं, जाऊ देता येणार नाही, त्या विहिरीचं पाणी गोड आहे हे लेखी हवं. त्यांनी लिहून सही केली. तो कागद मी प्रमिलाला नेऊन दिला. तिने वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.

मी रोज जाते. पूर्वी प्रमिला मला ताई म्हणायची, सोमवारपासून म्याडम म्हणते. चहा देते, पण समोर बसत नाही. तिघींपैकी एक माझ्याशी बोलते, दोघी नाही. रोपं बरी आहेत. काल संध्याकाळी मी एका कमानीपाशी वाकले होते आणि पलीकडून प्रमिला ओरडली, "ताई, तिकडचं नको, त्याला अजून नवं पान नाय."

बोलून गेल्यावर तिच्याही लक्षात आलं. ती वळून नळाकडे गेली. मी हात मागे घेतला आणि काही ऐकलंच नाही असं दाखवत पुढच्या ट्रेकडे सरकले.

तुझी,
वैशाली